एकशे बावन्न दिवसांचं कच्चं दूध

बाकावर

बुधवार, ११ सप्टेंबर १९७४, संध्याकाळी सव्वासहा. विजेचे सहा झटके, प्रत्येकी पंचवीस रुपये, एकूण दीडशे; त्यांतले पन्नास आगाऊ. हजर: डॉक्टर, माझे पती, माझे धाकटे दीर आणि दाराशी कंपाउंडर. मी हजर नव्हते. मी बाहेर बाकावर बसले होते, आणि झटके मला द्यायचे होते.

दाराला नुसता पडदा होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. फरक कधी पडेल असं दिरांनी विचारलं. तिसऱ्या-चौथ्या झटक्यापासून, असं उत्तर मिळालं. यांनी विचारलं, काही त्रास होईल का. डॉक्टर म्हणाले, "थोडा विसराळूपणा येतो. मागचे काही महिने आठवत नाहीत. बायकांनी तेवढं विसरलेलं बरंच असतं." यावर दीर हसले. हे हसले की नाही, ते पडद्यामुळे दिसलं नाही. नंतर मी विचारलं, तेव्हा आठवत नाही म्हणाले.

मग यांनी सही केली. पहिला झटका सोमवारी, सोळा तारखेला, सकाळी नऊ वाजता, उपाशीपोटी. कंपाउंडरनं केसपेपर यांच्या हातात दिला आणि रिक्षात बसल्यावर मी तो मागून घेतला. मी मॅट्रिक झालेली आहे, इंग्रजी वाचता येतं. निदानाच्या जागी एकच शब्द होता: हिस्टेरिया.

मी पोस्टातल्या बचत खात्यांची एजंट आहे. सोलापुरातली नवी पेठ आणि तिच्या मागच्या गल्ल्यांतल्या एकशे चाळीस घरांचे महिन्याचे हप्ते मी गोळा करते, पोस्टात भरते, पुस्तकावर नोंद करून परत देते. कोणाचा हप्ता कोणत्या तारखेला, कोणी मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा एकदम दिला, हे मला तोंडपाठ असतं. डोक्याचे झटके घेऊन आलेल्या बाईच्या हातात कोणी आपले पैसे देईल का? आणि दिले, तर माझ्या लक्षात तरी राहतील का? सोमवारपर्यंत चार दिवस होते. त्या चार दिवसांत माझं डोकं माझ्याकडे राहणार की नाही, एवढाच प्रश्न होता.

बरी झाल्यावर हे लिहिते आहे. ज्यांना महिनोन्महिने ताप येतो-जातो, सांधे धरतात आणि सगळे "काही नाही" म्हणतात, त्यांच्यासाठी. मला हे गोड शब्दांत लिहिता येणार नाही.

नेम

त्या वर्षी मार्चमध्ये मला कावीळ झाली. ती उतरली, पण अंगात त्राण उरलं नाही. माझ्या नणंदबाई बार्शीहून आठ दिवस राहायला आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, शेळीचं दूध घे. तेही दारात काढलेलं, सडावरचं, कोमट असतानाच, रिकाम्या पोटी. तापवलं की त्यातला जीव गेला. त्यांच्या सासरी बाळंतिणीला आणि कावीळ झालेल्याला असंच देतात. आमच्याकडेही कोणी नाही म्हटलं नाही. आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक असलेलं औषध आहे.

भिवराबाई ही मूळची कुंभारीची धनगर बाई. तिचा मुलगा आणि बाकी कळप तिकडे, आणि ती चार शेळ्या घेऊन आमच्या गल्लीमागच्या माळावर राहायची. रोज साडेसहाला ती शेळी घेऊन उंबऱ्याशी यायची आणि माझ्या पितळी पेल्यात धार काढायची. फेस ओठाला लागायचा. चव मला कधी आवडली नाही, पण औषध म्हणून घेत होते.

घरातलं दुसरं दूध म्हशीचं. ते मी दोनदा उकळते, तीन उकळ्या आल्याशिवाय पातेलं उतरवत नाही. माझ्या मुलीनं, शैलानं, जन्मात कच्चं दूध प्यायलेलं नाही. म्हणजे घरातल्या सगळ्यांसाठी मी काळजी घेत होते आणि स्वतः मात्र रोज सकाळी उंबऱ्यावर बसून कच्चं पीत होते. ८ एप्रिल ते ११ सप्टेंबर, दिवस एकशे सत्तावन्न. त्यांत भिवराबाई पाच दिवस आली नाही. उरले एकशे बावन्न. एकही दिवस मी स्वतःहून चुकवला नाही. नेम म्हणजे नेम, असा माझा स्वभाव आहे आणि त्याचा मला अभिमान होता.

मे महिन्यात ताप सुरू झाला, तेव्हा नणंदबाईंचं पत्र आलं: अशक्तपणा वाढला असेल तर दूध दुप्पट कर. मी पाव लिटरचं अर्धा लिटर केलं.

वही

पहिला ताप १४ मे रोजी दुपारी चारला आला. पाठीतून थंडी भरली, मग १०२. पहाटे इतका घाम फुटला की चादर पिळावी लागली. सकाळी आठला ९८. पुढच्या दिवशी तसंच, त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. तेरा दिवसांनी आपोआप गेला. मी देवापुढे साखर ठेवली. नऊ दिवसांनी परत आला.

सोलापुरातले दवाखाने सकाळी दहाला उघडतात. सकाळी दहाला मी नेहमी ९८. संध्याकाळी मी १०३ असताना डॉक्टरांकडे माणसं ओट्यापर्यंत बसलेली असायची, आणि मला बसवत नसायचं. म्हणून मी वही केली. दिवसातून चार वेळा ताप लिहायचा, घाम किती वाजता आला, कोणता सांधा दुखला. दुखणंही एका जागी राहत नव्हतं. आज कंबर, चार दिवसांनी डावा गुडघा, मग मान. शैलाच्या शाळेचा आलेखाचा कागद घेऊन मी ठिपके जोडले, तर डोंगर आणि दऱ्या दिसू लागल्या. तेरा दिवस वर, नऊ खाली, पुन्हा पंधरा वर.

एक गोष्ट लपवत नाही. माझं मनही ठिकाणावर नव्हतं. जुलैमध्ये एकदा सात रुपयांचा हिशेब जुळेना, म्हणून मी वह्या फेकून जमिनीवर बसून रडले. शैलानं भाजी करपवली, तेव्हा तिला बोलू नये ते बोलले. ती सोळा वर्षांची, अकरावीचं वर्ष, आणि मी अंथरुणात म्हणून तिचा पहाटेचा अभ्यास चुलीपाशी संपायचा. रडत होते, चिडत होते, हे खरं. पण ताप मे महिन्यात आला आणि रडणं जुलैमध्ये, हे वहीत तारखांनी लिहिलेलं होतं.

पाच डॉक्टर

पहिल्यांनी हिवताप सांगून कडू गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी विषमज्वराची रक्ततपासणी केली, काही निघालं नाही. तिसऱ्यांनी छातीचा फोटो काढायला लावला. क्षय नाही असा निकाल आला, पण निकाल यायच्या आधीच गल्लीत बातमी गेली होती, आणि दोन घरांनी मला चहा वेगळ्या कपात दिला. चौथ्यांनी संधिवात म्हणून गोळ्या दिल्या, त्यांनी पोट जळलं.

पाचवे हे झटक्यांचे डॉक्टर. ते दिरांच्या ओळखीचे. माझे दीर कोर्टात कारकून आहेत आणि शहरात त्यांची सगळ्यांशी ओळख असते. डॉक्टरांनी मला विचारलं, वय किती, पाळी नीट येते का, नवऱ्याशी पटतं का, सासूशी भांडण आहे का. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी वही पुढे केली. त्यांनी दोन पानं उलटली, बंद केली आणि यांच्याकडे बघून म्हणाले, "इतकं लिहून ठेवणं, हाच आजार आहे."

पाच डॉक्टरांनी मला किती प्रश्न विचारले, ते मी नंतर बसून आठवलं. मी काय खाते आणि काय पिते, हे पाचांपैकी एकानंही विचारलं नाही.

दिरांनी घरी आल्यावर सांगितलं की झटके चालू असताना हप्त्यांचं काम त्यांची बायको बघेल. तिला शिकवायला दोन दिवस पुरतील. त्यांनी हे आधीपासून ठरवलं होतं असं मी म्हणत नाही. पण ते बोलले तेव्हा माझ्या पायात चप्पल होती आणि घरात शिरून मला पाच मिनिटंही झाली नव्हती.

काळीनं टाकलं

गुरुवारी सकाळी भिवराबाई शेळीशिवाय आली. उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "आज दूध न्हाय, वैनी. काळीनं टाकलं की."

म्हणजे काळ्या शेळीचा गर्भ पडला होता. मी हळहळले. ती म्हणाली, ही चौथी. कुंभारीला तीन आणि इथं ही एक. मग पदरानं तोंड पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "जनावराच्या डाक्टरानं कुंभारीच्या शेळ्यांचं रगत नेलं हुतं. म्हनला, रोग हाय. कच्चं दूध कुनाला देऊ नगं, मानसाला बी ताप भरतो."

मी विचारलं, हे तो कधी म्हणाला.

"झालं की पंधरा दीस."

पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत ती रोज आली होती, रोज पेला भरला होता. मी तिला काय काय बोलले, ते इथं लिहीत नाही. ती उठली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "मला वाटलं, तिकडचा रोग हितं कसा यील? ह्या शेळ्या येगळ्या. आन तुमी तर आदीपासनंच आजारी."

तिच्या हिशेबात काही चूक नव्हती. मी खरंच आधीपासून आजारी होते. फक्त तिच्याच शेळ्यांनी आजारी होते, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. आज काळीनं गर्भ टाकला नसता, तर आजही पेला भरला असता.

माझे पेशंट बोलत नाहीत

शुक्रवारी दुपारी, अंगात १०१ असताना, कोणाला न सांगता मी रिक्षा करून जनावरांच्या दवाखान्यात गेले. आवारात एक म्हैस आणि दोन बैल उभे होते, त्यांच्यामागे मी. जनावरांचे डॉक्टर अक्कलकोटकडचे, बोलण्यात कानडी वळण. त्यांना वाटलं मी शेळीचं काहीतरी विचारायला आले आहे. मी म्हणाले, मलाच काहीतरी झालंय. ते म्हणाले, "अक्का, मी माणसांना हात लावत नाही. माझी सनद जाते." मी म्हणाले, हात लावू नका, वही बघा.

त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. उभ्यानंच. बैलवाला दोनदा खाकरला, तरी वाचली. आलेखाच्या कागदावर बोट ठेवून डोंगरांवरून वरखाली फिरवलं. मग दोन प्रश्न विचारले. घरात अजून कोण आजारी आहे? मी म्हणाले, कोणी नाही, मी एकटी. कच्चं दूध कोण कोण पितं? मी म्हणाले, मी एकटी. आणि हे उत्तर माझ्या तोंडातून बाहेर पडलं, तेव्हा मलाच कळलं. चार महिने जी गोष्ट कोणी विचारली नव्हती, ती मीही स्वतःला विचारली नव्हती.

त्यांनी सांगितलं, पेनिसिलिनची रिकामी बाटली उकळून घ्या. ओळखीच्या कंपाउंडरकडून त्यात रक्त काढून घ्या. रात्रभर हलवू नका. वर जे पिवळसर पाणी जमेल ते घेऊन उद्या या.

शनिवारी मी बाटली रुमालात गुंडाळून नेली. त्यांनी काचेच्या पट्टीवर त्या पाण्याचा एक थेंब टाकला, शेजारी दुसऱ्या बाटलीतून औषधाचा थेंब टाकला आणि काडीनं दोन्ही एकत्र केले. हे औषध शेळ्या-गाईंच्या तपासणीसाठी सरकारकडून येतं. आम्ही दोघं वाकून बघत होतो. काचेवर आधी काही नव्हतं. मग दूध नासायला लागतं तसे बारीक कण दिसू लागले, मग मोठे झाले. त्यांनी दुसऱ्या काचेवर स्वतःच्या गड्याच्या रक्तातून रात्रीच काढून ठेवलेल्या पाण्याची तीच तपासणी करून दाखवली. ती स्वच्छ राहिली.

मी विचारलं, मोठ्या मोठ्या डॉक्टरांना हे का समजलं नाही. ते हसले. म्हणाले, "त्यांचे पेशंट बोलतात. माझे बोलत नाहीत. त्यामुळे 'तुझं मनाचं आहे' असं मला शेळीला सांगता येत नाही. रक्तच बघावं लागतं."

ब्रुसेलोसिस हे नाव मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. त्यांनी ते कागदावर लिहून दिलं आणि सरकारी इस्पितळातल्या प्रयोगशाळेला एक चिठ्ठी दिली, की नळीतली पक्की तपासणी करा, लागेल ते औषध माझ्याकडून न्या. फी विचारली, तर म्हणाले, आमच्याकडे फी जनावराच्या मालकाकडून घेतात.

रविवार

रविवारी दीर जेवायला आले. मी काचेची गोष्ट सांगितली. त्यांनी घास तोंडात ठेवूनच ऐकलं आणि म्हणाले, "वहिनी, उद्या चष्म्याचा नंबर काढायला घोड्यांच्या डॉक्टरकडे जाणार का?" पुढे बराच वेळ त्यांनी मला समजावलं. आजारी माणसाला आपण आजारी नाही असंच वाटतं, हेच या आजाराचं लक्षण. मी म्हणाले, भाऊजी, मी चार महिने आजारी आहे असंच सांगतेय, नाही असं तुम्ही म्हणताय. त्यावर ते म्हणाले, बघा, ही अशी उलट बोलणी आधी नव्हती.

हे पूर्ण वेळ गप्प. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. हे कापडाच्या दुकानात हिशेबाला आहेत आणि मोठ्या माणसापुढे गप्प राहण्याची सवय त्यांना दुकानात लागली. ती घरीही चालते. दीर वयानं लहान, पण आवाजानं मोठे. पानावरून उठताना हे एवढंच म्हणाले, "आगाऊ पैसे दिलेत आता."

सोमवार

सोळा तारखेला मी उपाशी गेले नाही. मुद्दाम दोन भाकरी खाल्ल्या. झटका उपाशीपोटी द्यायचा असतो, हे मी ऐकलं होतं. मला कोणी धरून निजवलं, तर हा माझा शेवटचा उपाय होता. आता वाचताना हसू येईल, पण त्या सकाळी भाकरी घशाखाली उतरवणं सोपं नव्हतं.

डॉक्टरांनी जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. ती दोन बोटांनी धरून यांच्यासमोर ठेवली. म्हणाले, "गुरांच्या दवाखान्यात तपासून घेतलंय, मग औषधही तिथंच घ्या. माझ्याकडे कशाला आलात?" दीर माफी मागू लागले. डॉक्टरांनी कंपाउंडरला आतली खोली तयार करायला सांगितलं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. एक पलंग, त्यावर रबराची चादर, पट्टे, आणि उशापाशी एक पेटी.

मी यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "सही तुमची आहे. मी सही केलेली नाही. आत न्यायचं असेल तर तुम्ही हात धरून न्या. भाऊजींनी नाही, तुम्ही."

हे किती वेळ गप्प होते, ते मी मोजलं नाही. माझ्या आयुष्यातली ही एक मोजायची राहिलेली गोष्ट. मग हे डॉक्टरांना म्हणाले, "दोन-तीन दिवस थांबलं तर चालेल का? रक्ताचं तेवढं येऊ दे."

एवढंच. माझी बाजू घेतली नाही, चूक झाली म्हणाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, थांबा की, कोण अडवतंय, पण आगाऊ परत मिळणार नाही. दीर आमच्याबरोबर रिक्षात बसले नाहीत.

लोक मला सांगतात की शेवटी नवऱ्यानंच वाचवलं. मी तसं मानत नाही. त्यांनी सोमवारी जे थांबवलं, ते बुधवारी त्यांनीच सुरू केलं होतं. त्या सहीबद्दल मी अजून त्यांना माफ केलेलं नाही. हे ते वाचणार आहेत, आणि मी त्यांना सांगूनच लिहिते आहे.

वॉर्ड

सोमवारीच इस्पितळात जाऊन रक्त दिलं होतं, त्याचा निकाल गुरुवारी, एकोणीस तारखेला आला. नळीतली तपासणी, एकास सहाशे चाळीस. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला समजावलं, रक्त सहाशे चाळीस पट पातळ केलं तरी खूण दिसते. एकास ऐंशी असतं तरी संशय घेतला असता. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की हा आजार पुस्तकात वाचलाय, पेशंट पहिल्यांदा बघतोय. मला ते आवडलं. मला पहिल्यांदाच एका डॉक्टरानं आपल्याला ठाऊक नाही असं सांगितलं.

ते ऐकून मी रडले. सहा महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटून रडले. आपल्याला रोग झालाय हे ऐकून आनंद होणारी बाई वेडी नाही, हे आता दिरांना कसं पटवायचं, असंही मनात आलं.

बायकांच्या वॉर्डात चौदा दिवस होते. रोज एक सुई, दिवसातून चार वेळा कॅप्सूल. सुया मोठ्या पातेल्यात उकळत असायच्या आणि त्यांचा आवाज ऐकूनच शेजारच्या पोरी रडायच्या. पहाटे पाचला झाडूवाली, सहाला ताप बघणारी नर्स. ती थर्मामीटर तोंडात ठेवून वीस सेकंदांत काढायची. मी मोजले होते. ओळीनं अकरा बायकांचा ताप तिनं ९८.४ लिहिला. बाराव्या पलंगावर मी. मी थर्मामीटर दातांत धरून सोडलाच नाही. पूर्ण दोन मिनिटं. आला १००.८. ती मला म्हातारे म्हणून ओरडली. मी त्रेचाळीस वर्षांची होते.

सुयांनी कानात भुणभुण सुरू झाली, चालताना भिंत धरावी लागे. शेजारच्या पलंगावर विणकरांच्या घरातली एक तेलुगू बाई होती, तिला मराठी फार येत नव्हतं. ती रोज संध्याकाळी न विचारता माझे केस विंचरायची आणि स्वतःशीच काहीतरी बोलत राहायची. मला त्यातलं काही कळायचं नाही. त्या चौदा दिवसांत मला काही न विचारणारी आणि काही न समजावणारी ती एकटीच होती.

हे रोज डबा आणायचे. पलंगाच्या कडेला बसून दुकानातलं सांगायचे. एक दिवस शैला वही घेऊन आली. मी नसताना तिनं माझ्यासारख्याच रोजच्या तारखा घालून, ताप लिहायचे चार रकाने आखून ठेवले होते. त्यानंतर मी तिला स्वयंपाकावरून कधी बोललेली नाही.

सुया एकूण एकवीस, त्यांतल्या शेवटच्या सात घरून जाऊन घेतल्या; कॅप्सूल सहा आठवडे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सलग दहा दिवस चारही वेळा ९८च्या आत. डिसेंबरमध्ये चार दिवस ताप परत आला आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो पुढे चढला नाही, आपोआप गेला. ज्यांना हा आजार होईल त्यांनी हे लक्षात ठेवावं. तो एकदम जात नाही.

भिवराबाई

अंगात बळ आल्यावर मी माळावर गेले. भिवराबाई माझ्याशी नीट बोलली नाही. तिची दुधाची सहा घरं तुटली होती. मी त्या सगळ्या घरांत सांगितलं होतं, दूध उकळून प्या. त्यांनी दूधच बंद केलं. मी म्हणाले, मी बंद करा म्हणाले नव्हते. ती म्हणाली, "तुमी उकळा म्हनला, लोकांनी मलाच उकळलं की."

शेळ्या कुठं आहेत, असं मी विचारलं. तिनं बार्शीच्या बाजारात विकल्या होत्या. कोणी घेतल्या? तिला ठाऊक नव्हतं. घेणाऱ्याला रोगाचं सांगितलं का? ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी तिला शेळ्या फुकट वाटायला सांगतेय. कोणाच्या तरी दारात त्या आता पेला भरत असतील. मी हे लिहिण्याचं अर्धं कारण तेच आहे.

तिची स्वतःची कंबर कित्येक वर्षं धरलेली. संध्याकाळी कणकण, पहाटे घाम. मी म्हणाले, चल, तुझंही रक्त देऊ. ती म्हणाली, "एकवीस दीस सुया घ्यायला मी येनार, मग कुंभारीच्या शेळ्यांमागं कोन, तुमी?" मग थोडी हसली. "आमच्यात ताप आला तर ताप म्हनत्यात, वैनी. याड लागलं म्हनायला डाक्टर लागतो." ती आली नाही. मी दोनदा बोलावणं पाठवलं. नंतर ती कुंभारीला गेली.

केसपेपर

हप्त्यांचं काम मी डिसेंबरमध्ये पुन्हा सुरू केलं. एकशे चाळीस घरांपैकी एकोणतीस घरांनी सांगितलं की आता आम्ही तुमच्या जावेकडे देतो. कारण कोणी बोललं नाही. एका ठिकाणी सून बोलली: तुमच्या डोक्याचे उपचार चालू होते ना? मी म्हणाले, नव्हते. ती म्हणाली, पण डॉक्टरनं लिहून दिलं होतं म्हणतात.

म्हणून शनिवार, ११ जानेवारी १९७५ रोजी मी त्या डॉक्टरांकडे गेले. एकटी. केसपेपर आणि इस्पितळाचा निकाल बरोबर. कंपाउंडर म्हणाला, तपासणीची फी आधी. मी म्हणाले, काम झाल्यावर.

डॉक्टरांनी निकाल वाचला. बराच वेळ वाचला. मग म्हणाले, "कच्चं दूध पिता, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

मी म्हणाले, "तुम्ही विचारायला हवं होतं."

त्यांनी केसपेपर ओढला आणि खाली नवी ओळ लिहू लागले. मी थांबवलं. म्हणाले, खाली नको. वरचा शब्द खोडा. ते म्हणाले, मी कागदावर खाडाखोड करत नाही. मी त्यांना सांगितलं की पोस्टाच्या पुस्तकात चुकीचा आकडा पडला, तर आम्ही पान फाडत नाही आणि गिरवतही नाही. त्यावर एक आडवी रेघ मारतो, चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, आणि खाली ज्याची चूक त्याची सही आणि तारीख. पोस्टमास्तरसुद्धा करतात. तुम्हीही करा.

बाहेर माणसं बसली होती आणि पडदा तोच होता. त्यांनी हिस्टेरियावर एक आडवी रेघ मारली, शेजारी ब्रुसेलोसिस लिहिलं, सही केली. तारीख घालायचं विसरले. मी बोट ठेवलं, तेव्हा घातली.

कंपाउंडरला दहा रुपये दिले आणि पावती घेतली. पावतीवर "तपासणी फी" असं लिहिलं आहे. तपासलं त्यांनी काहीच नव्हतं. पण त्या दारात आम्ही दिलेल्या पैशांपैकी वसूल झालेले तेवढेच.